दह्याची तार आणि आतड्यातली साखर

चमचा उचलला की दह्याला तार सुटते. असं दही ताटात आलं की बरेचजण नाक मुरडतात. वास आंबूस-गोड आणि चव नेहमीची असेल, तर ती तार म्हणजे बहुधा जिवाणूंनीच घडवलेली साखर असते. (कुबट वास किंवा रंगीत ठिपके दिसले तर मात्र दही सरळ टाकून द्यावं.)

विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि तिचं आम्ल करतात. त्यातले काही वाण थोड्या साखरेच्या लांबच लांब साखळ्या जोडून पेशीबाहेर सोडतात. या साखळ्या पाणी धरून ठेवतात, म्हणून दही घट्ट राहतं आणि पाणी कमी सुटतं.

उसाच्या बाबतीत हेच नुकसानीचं ठरतं. तोडलेला ऊस वेळेत गाळपाला गेला नाही तर ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू रसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान हा बुळबुळीत पदार्थ बनवतो आणि कारखान्याचा उतारा घटतो. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅन टीघेम यांनी १८७८ मध्ये या जिवाणूला नाव दिलं. इडलीचं पीठ फुगवण्यातही याच ल्युकोनोस्टॉकचा मोठा वाटा असतो.

आता खरी गंमत आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंची. त्यांच्याकडचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर (एन्झाइम) लॅक्टोज तोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज वेगळे करतं. सुटलेला गॅलॅक्टोज एरवी पाण्याच्या रेणूला जोडला जातो. पण भोवती लॅक्टोज फारच दाट असेल तर तो शेजारच्या लॅक्टोजलाच चिकटतो, त्याला आणखी एक, मग आणखी एक. अशा छोट्या साखळ्यांना गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड म्हणतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात जवळपास नाहीच. म्हणून बहुतांश साखळ्या न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथे पुन्हा बिफिडोंचंच अन्न होतात. जिवाणूंच्या विकरातून तयार झालेली साखर जिवाणूंनाच पोसते, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

कारखान्यांत आता हीच क्रिया मुद्दाम घडवून ही साखर बाळांच्या डब्याच्या दुधात घालतात, कारण आईच्या दुधात अशा न पचणाऱ्या साखरा दोनशेहून अधिक प्रकारच्या असतात आणि गाईच्या दुधात अगदी नाममात्र. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात बिफिडो जिवाणू पहिल्यांदा सापडले तेही याच नात्यामुळे. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना ते दिसले.

मोठ्या आतड्यात एकाचं उष्टं दुसरा खातो. बिफिडो साखर खाऊन ॲसिटेट आणि लॅक्टेट ही आम्लं सोडतात. ती खाऊन दुसरे जिवाणू ब्युटिरेट हे आणखी एक आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे हेच ब्युटिरेट.

मग तार सुटलेलं दही औषध म्हणून खावं का? माझं मत नाही असंच आहे. लिटरभर दह्यात तारेच्या साखळ्या फार तर काही शे मिलिग्रॅम निघतात, त्यातल्या सगळ्याच जिवाणूंना खाता येतात असंही नाही, आणि परिणाम दिसायला जिवाणूंना पोसणाऱ्या न पचणाऱ्या साखरा रोज काही ग्रॅम लागतात. त्यासाठी आपली कळण्याची भाकरी कितीतरी भरवशाची. ज्वारीबरोबर दळलेल्या उडदात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्यांतले गॅलॅक्टोजचे दुवे आपल्याला तोडता येत नाहीत, जिवाणूंना येतात. त्यातून वायूही होतो. ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्या भाकरीपासून सुरुवात करावी, सोबत भरीत आणि वाटीभर दही घ्यावं.