रस्त्यावरच्या मैत्रीचा इतिहास

रोमच्या तेर्मिनी स्टेशनाच्या आसपास संध्याकाळी खाण्याच्या पिशव्या घेऊन फिरणारे सांत एजिदिओ या कॅथलिक समुदायाचे कार्यकर्ते तिथे झोपणाऱ्यांना ‘मित्र’ म्हणतात. ठरलेल्या वारी तीच माणसं त्याच कोपऱ्यावर जातात, गेल्या खेपेला दुखत असलेला पाय आता कसा आहे ते विचारतात. खाणं हे बरंचसं निमित्त. युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी ख्रिस्ती संस्था आज याच वाटेने काम करतात, पण सगळ्यांची सुरुवात काही अशी झाली नव्हती.

इंग्लंडमध्ये 1824 च्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्याने उघड्यावर झोपणं हाच गुन्हा ठरवला होता. या काळात बेघराकडे बघायची नजर एकतर पोलिसाची असे, नाहीतर उपदेशकाची. धर्मोपदेशक विल्यम बूथ यांनी 1865 मध्ये लंडनच्या ईस्ट एंड या गरीब वस्तीत काम सुरू केलं. त्याचीच 1878 मध्ये मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) ही संस्था झाली. तिच्या निवाऱ्यांत एका पेनीला रात्रभर बाकावर बसायला मिळे, आडवं व्हायची परवानगी नसे. चार पेनी मोजले की शवपेटीसारखी लाकडी पेटी आणि वर घ्यायला ताडपत्री. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण थंडीत गारठून मरणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आलं, हेही खरं. राहिलं ते एवढंच, की देणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये प्रार्थनासभा.

त्याआधी पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 1833 मध्ये मित्रांना घेऊन सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची सुरुवात केली होती. मदत वाटण्यापेक्षा गरिबाच्या घरी जाऊन बसावं, असा त्यांचा आग्रह. सिस्टर रोझाली रेंड्यू या नन त्यांना कुठल्या दारात जायचं ते सांगत. मैत्रीचं बीज इथे दिसतं, पण भेटीला जायला दार तरी हवं. ज्याला दारच नाही, त्याचं काय?

याचं उत्तर महामंदीतल्या न्यूयॉर्कमधून आलं. पत्रकार डोरोथी डे आणि त्यांचे सहकारी पीटर मोरिन यांनी 1 मे 1933 रोजी युनियन स्क्वेअरमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हे वर्तमानपत्र विकायला काढलं, किंमत एक सेंट. ख्रिस्ती माणसाने आपलं घर परक्याला उघडावं, असं त्यात छापून येई. मग वाचलेलं खरं धरून लोक दारात उभे राहू लागले, आणि लिहिणाऱ्यांना घरं उघडावी लागली! या घरांत येणाऱ्यांना पाहुणे म्हणत, आणि कार्यकर्ते त्याच छपराखाली राहून तेच सूप पीत. एका बाईने दान दिलेली हिऱ्याची अंगठी डे यांनी तिथे जेवायला येणाऱ्या एका म्हातारीला देऊन टाकली, असा किस्सा त्यांचे सहकारी सांगत. विकून भाडं भरता आलं असतं, या आक्षेपावर डे यांचं म्हणणं असं की विकायची की बोटात घालायची, हे तिचं ती ठरवेल. व्यवहारी माणसाला हे पटणार नाही. मला मात्र पुढच्या सगळ्या कामाची किल्ली या किश्श्यात दिसते.

लंडनमध्ये अँटन वॉलिच-क्लिफर्ड या प्रोबेशन अधिकाऱ्याला, म्हणजे गुन्हेगारांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, तीच माणसं तुरुंगातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पुन्हा तुरुंगात जाताना दिसत. त्यांनी 1963 मध्ये सायमन कम्युनिटी काढली. नाव घेतलं ते येशूचा क्रूस वाहून नेणाऱ्या कुरेनेकर शिमोनाचं. तिथेही बेघर आणि स्वयंसेवक एकाच घरात राहत.

सांत एजिदिओची सुरुवात 1968 ची. अठरा वर्षांचा आंद्रेआ रिक्कार्दी आणि त्याचे शाळासोबती रोमच्या वेशीवरच्या झोपडपट्ट्यांतल्या मुलांना शिकवायला जाऊ लागले. बेघरांच्या कामाला खरी धार आली ती एका मृत्यूने. 31 जानेवारी 1983 रोजी तेर्मिनीजवळ राहणारी मोदेस्ता वालेंती ही वृद्ध बाई आजारी पडली. रुग्णवाहिका आली, पण बाईच्या अंगावर उवा आहेत म्हणून तिला आत घेतलं नाही. काही तास ती तशीच पडून होती, आणि तिथेच गेली. तेव्हापासून दरवर्षी तिच्या स्मरणार्थ प्रार्थना होते. रस्त्यावर मेलेल्यांची नावं एकेक करून वाचतात, प्रत्येक नावाला एक मेणबत्ती. पुढे रोमच्या पालिकेने बेघरांच्या नोंदणीसाठी एक काल्पनिक पत्ता तयार केला, त्या रस्त्याला नाव दिलं ‘विया मोदेस्ता वालेंती’. नकाशावर शोधून सापडणार नाही. पण इटलीत रहिवासाच्या नोंदीशिवाय सरकारी फॅमिली डॉक्टर मिळवणं मुश्कील, तेव्हा हा नसलेला रस्ता फार कामाचा आहे.

2015 मध्ये व्हॅटिकनने सेंट पीटर चौकातल्या स्तंभांच्या रांगेजवळ बेघरांसाठी अंघोळीची सोय केली, शिवाय केस कापायला न्हावी. तो सोमवारी येतो, कारण इटलीत त्या दिवशी सलून बंद असतात.

या मैत्रीत एक अवघड गाठ आहे. रात्री दोघांपैकी एकच जण घरी जातो. फ्रान्सच्या एमाउस चळवळीने 1949 पासून यावर आपला तोडगा काढला. ॲबे पिएर हे धर्मगुरू जीव द्यायला निघालेल्या एका माजी कैद्याला म्हणाले, माझ्याकडे तुला द्यायला काही नाही, पण तू मला मदत करू शकतोस. तिथले ‘सोबती’ भंगार आणि जुन्या वस्तू गोळा करून, विकून, स्वतःच्या कमाईवर राहतात. 1 फेब्रुवारी 1954 ला पिएर यांनी रेडिओवरून हाक दिली, की पहाटे एक बाई पदपथावर गोठून मेली, हातात घर खाली करण्याची नोटीस होती. देशभरातून पैसे आणि पांघरुणं येऊन पडली, आणि 1956 मध्ये हिवाळ्यात भाडेकरूला बाहेर काढायला बंदी घालणारा कायदा झाला. त्याच पिएर यांच्यावर अनेक स्त्रियांनी केलेले लैंगिक अत्याचाराचे आरोप 2024 मध्ये चव्हाट्यावर आले. ते बाहेर आणणारा अहवाल खुद्द एमाउसनेच करून घेतला होता. जानेवारी 2025 मध्ये त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने ते नाव टाकलं. भंगार गोळा करणाऱ्या सोबत्यांचं काम त्यानंतरही चालूच आहे.