व्हिएन्नाच्या ईजीयू परिषदेसाठी प्रवास साहाय्य: पात्रता, मुदत, कागदपत्रे

हवामान, भूगर्भ, समुद्र किंवा भूजल या विषयांत संशोधन करणाऱ्यांची मोठी जत्रा म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनची (ईजीयू) वार्षिक परिषद. ती एप्रिल-मेच्या सुमारास व्हिएन्नात भरते. नव्या संशोधकांना तिथे जाण्यासाठी 'रोलाँ श्लिश ट्रॅव्हल सपोर्ट' हे साहाय्य मिळू शकते.

बहुतेकांची संधी हुकते ती मुदतीपायी. गोषवारा (परिषदेत मांडायच्या संशोधनाचा सारांश) पाठवण्याची सर्वसाधारण मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, पण साहाय्य हवे असेल तर तो डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो. नेमकी तारीख त्या वर्षीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. गोषवारा भरतानाच साहाय्याचा पर्याय निवडायचा असतो. तेव्हा दिवाळी संपताच मसुदा गाईडच्या हातात द्या. 'बघतो' म्हटल्यावर महिना कसा जातो ते सांगायला नको.

पात्रता

इथे वयाची अट नाही, आणि आपल्याकडच्या लोकांसाठी ही मोठीच सोय आहे. विद्यार्थी, पीएचडी करणारे, किंवा सर्वोच्च पदवी मिळून ७ वर्षे उलटली नाहीत असे संशोधक 'अर्ली करिअर सायंटिस्ट' ठरतात. मूल झाल्यावर घेतलेल्या रजेपोटी प्रत्येक मुलामागे एक वर्षापर्यंत सवलत मिळते. कॉलेजात शिकवता शिकवता चाळिशीत पीएचडी केलेले प्राध्यापकही यात बसतात. आपल्याकडच्या अनेक योजनांचे दार पस्तिशीला बंद होते. गोषवाऱ्यात पहिले नाव तुमचे हवे आणि सादरीकरणही तुम्हीच करायला हवे.

निवड झाल्यास गोषवारा शुल्क आणि नोंदणी शुल्क माफ होते. प्रवासखर्चाचा काही भागही परत मिळू शकतो, पण मुंबई-व्हिएन्ना तिकीट त्यात निघेल असे धरून चालू नका. उरलेल्या रकमेसाठी स्वीकृतीपत्र हाती येताच विद्यापीठाकडे किंवा संस्थेकडे अर्ज करा.

व्हिसाची कागदपत्रे

व्हिएन्नासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. सोबत ठेवा:

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट
- परिषदेचे स्वीकृतीपत्र आणि नोंदणीची पावती
- संस्थेचे ना-हरकत पत्र, बोनाफाईड आणि फेलोशिपचे पत्र
- बँक स्टेटमेंट
- किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा
- तिकीट व राहण्याचे आरक्षण

ना-हरकत पत्रात खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहून घ्या. तेवढे एक वाक्य नसले की फाईल अडू शकते.

ओळखींसाठी

पहिल्यांदा जाणाऱ्यांची अनुभवी संशोधकाशी जोडी लावून देणारा मेंटॉरिंग कार्यक्रम आहे. त्याचा फॉर्म वेगळा असतो आणि मुदत परिषदेच्या बरीच आधी संपते. ईजीयूच्या २२ विभागांतून नव्या संशोधकांचे प्रतिनिधीही असतात. आपल्या विभागाच्या प्रतिनिधीला निघण्याआधी एक छोटी ईमेल टाका. हजारोंच्या गर्दीत निदान एक माणूस तरी ओळखीचा निघेल. परिषद कशी पार पाडायची हे सांगणारा शॉर्ट कोर्सही असतो, तो चुकवू नका.

संशोधन पोस्टरवर मांडणार असाल, तर ते छापण्याआधी बोर्डाचे माप पाहा. तिथला बोर्ड आडवा असतो, साधारण दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच. आपल्याकडे सवयीने छापतात ते उभे ए-झिरो पोस्टर ११९ सेंटिमीटर उंच भरते, म्हणजे खाली लोंबणार. झेरॉक्सवाल्याला आडवेच छापायला सांगा.