सशाचा माणूस केला, तरी ससा कसा ओळखू येतो?

कार्टूनमधले प्राणी माणसं असती तर कशी दिसली असती, हे अनेक चित्रकार रंगवतात. लांब कान गेले, शेपूट गेली, अंगावरची लव गेली. उरतो एक सडपातळ तरुण. तरी खाली लिहिलेलं नाव वाचण्याआधीच आपण म्हणतो, अरे, हा तर तो ससा! बहुतेकांना वाटतं, ही किमया कपड्यांच्या रंगाची. रंगाची मदत होतेच, पण खरी करामत चेहऱ्यात आहे.

मुळात कार्टूनमधला प्राणी अर्धाअधिक माणूसच असतो. खऱ्या सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. खऱ्या उंदराच्या डोळ्यात पांढरा भाग दिसतच नाही. कार्टूनमध्ये मात्र डोळे समोर येतात, बुबुळाभोवती भरपूर पांढरं येतं, वर भुवया चढतात. नजर कुठे वळली आणि मनात काय आहे, हे आपण माणसांच्या चेहऱ्यावर याच खुणांवरून वाचतो. मिकी माउसच्या बदलत गेलेल्या चित्रांची मापं स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने घेतली होती. 1979 साली त्याने लिहिलं, की डोक्याच्या लांबीच्या तुलनेत मिकीचा डोळा 27 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेला. म्हणजे उंदीर वर्षागणिक मानवी बाळासारखा होत गेला.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. मेंदू चेहरा साठवतो कसा? मानसशास्त्रज्ञ टिम व्हॅलेंटाइन यांनी 1991 मध्ये मांडलेली कल्पना अशी: चेहऱ्यांचा एक नकाशा समजा. त्याच्या मध्यभागी आपण आयुष्यभर पाहिलेल्या चेहऱ्यांची सरासरी. प्रत्येक ओळखीचा चेहरा त्या केंद्रापासून ठरावीक दिशेला, ठरावीक अंतरावर. ओळख मुख्यतः दिशेत असते. तीच दिशा धरून अंतर वाढवलं की अर्कचित्र तयार होतं. 1987 च्या एका प्रयोगात ओळखीच्या व्यक्तींची अशी ताणलेली रेखाचित्रं लोकांनी हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली. 2001 मध्ये आणखी गंमत दिसली: एखाद्या चेहऱ्याच्या बरोबर विरुद्ध दिशेचा 'प्रतिचेहरा' काही सेकंद पाहिला, की त्यानंतर सरासरी चेहराही त्या मूळ चेहऱ्यासारखा भासतो.

ले चांग आणि डोरिस त्साओ या मेंदूशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये माकडांच्या मेंदूतल्या सुमारे 200 चेतापेशींची नोंद घेतली. चेहऱ्याचं वर्णन त्यांनी 50 मितींत, म्हणजे 50 वेगवेगळ्या मापांत केलं होतं. प्रत्येक पेशी या 50 मितींच्या अवकाशातल्या एकाच अक्षावर मोजमाप करते. चेहऱ्याचा त्या अक्षावरचा प्रक्षेप, म्हणजे त्या दिशेने तो किती सरकलाय याचं माप, जितका मोठा, तितके तिचे संदेश जास्त. अक्षाला लंब दिशेने चेहरा कितीही बदला, तिचा प्रतिसाद तोच. एवढ्या पेशींच्या नोंदींवरून माकडाने पाहिलेला चेहरा जवळजवळ तसाच्या तसा पुन्हा रेखाटता आला!

या नजरेतून पाहिलं तर मला वाटतं, चित्रकार एक सदिश, म्हणजे दिशा आणि अंतर दाखवणारा बाण, उचलतो. कार्टूनमधला हा ससा सरासरी कार्टून चेहऱ्यापासून कुठे सरकलाय? पापण्या अर्धवट मिटलेल्या, एक भुवई वर, गाल लांब. तेवढंच सरकणं तो सरासरी मानवी चेहऱ्यावर लादतो. जो चित्रकार सशाचे पुढचे दातच तेवढे उचलतो, त्याचं चित्र फसतं, कारण ते दात सगळ्याच कार्टून सशांना असतात.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. 1586 मध्ये इटलीतल्या देल्ला पोर्ता या विद्वानाने माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशेजारी छापले आणि सिंहासारखा चेहरा म्हणजे सिंहाचं धैर्य, असं सांगितलं. याला आधार नव्हता आणि आजही नाही. चेहऱ्याच्या फोटोवरून स्वभाव किंवा गुन्हेगारी वृत्ती ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर हीच जुनी अंधश्रद्धा नव्या वेष्टनात विकतात. नकाशावरची जागा चेहरा कोणाचा हे सांगते, माणूस कसा आहे हे नाही.

मिकीला माणूस करताना मात्र अडचण वेगळी आहे. त्याची ओळख चेहऱ्याइतकीच त्या दोन गोल कानांत आहे, आणि डोकं कुठेही वळलं तरी ते गोलच काढले जातात. माणसाच्या कानांना तेवढी मोकळीक नाही. अशा वेळी केसांचे दोन गोल अंबाडे घालून बाह्याकृती राखणं हा सर्वांत चांगला उपाय आहे.