अश्रुधूर

अश्रुधूर म्हणजे डोळे, नाक, घसा आणि कातडी यांची तीव्र आग करून माणसाला काही मिनिटं हतबल करणारी रसायनं, आणि ती जमावावर सोडायची पोलिसी पद्धत. नाव धुराचं असलं तरी यातली बहुतेक द्रव्यं साध्या तापमानाला घन असतात, नळकांड्यातल्या जळणाऱ्या मिश्रणाच्या उष्णतेने त्यांचे बारीक कण हवेत पसरतात. मुख्य तीन सांगायची तर सीएन (क्लोरोॲसिटोफिनोन), सीएस (क्लोरोबेंझिलिडिन मॅलोनोनायट्राइल) आणि मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या जातीचं पावा. सीएन, सीएस मज्जातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीए१ नावाच्या ग्राहकावर (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन) काम करतात, पावा टीआरपीव्ही१ वर, म्हणून पावाची आग मिरचीची धूळ डोळ्यात गेल्यासारखी लागते. भारतात पोलीस आणि निमलष्करी दलं जी नळकांडी वापरतात ती बनवणारं महत्त्वाचं सरकारी केंद्र ग्वाल्हेरपासून साधारण ३० किमीवर, झाशी रोडवर डबऱ्याच्या अलीकडे टेकनपूरला आहे, त्यामुळे हा विषय इथल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या, लोकांना पेपरातल्या बातमीपेक्षा जवळचा आहे.

पहिला वापर कोणी केला यावर बराच वाद आहे. एक दावा असा की पॅरिसच्या पोलिसांनी १९१२ च्या सुमारास, बोनो टोळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र दरोडेखोरांना घरातून बाहेर काढायला एथिल ब्रोमोॲसिटेट भरलेले गोळे वापरले, म्हणजे अश्रुधूर मुळात पोलिसांचाच आणि सैन्याने तो नंतर उचलला. ही गोष्ट अनेक ठिकाणी येते पण एकमेकांवरून उतरवून घेतल्यासारखी येते. भक्कम पुरावा मिळतो तो ऑगस्ट १९१४ चा, जेव्हा फ्रेंच सैनिकांनी त्याच द्रव्याचे छोटे रायफल ग्रेनेड वापरले, त्यात द्रव्य इतकं थोडं होतं की समोरच्या जर्मनांना ते फारसं जाणवलंच नाही असं सांगतात. पुढे ब्रोमिन पुरेना म्हणून फ्रेंचांनी क्लोरोॲसिटोन घेतलं. जर्मनांनी ३१ जानेवारी १९१५ ला पोलंडमधल्या बोलिमूवला झायलिल ब्रोमाइडचे तोफगोळे टाकले, पण थंडी इतकी होती की द्रव्य नीट उडालंच नाही. १८९९ च्या हेग घोषणेत गुदमरवणारे वायू पसरवणं हाच एकमेव उद्देश असलेल्या गोळ्यांवर बंदी होती, आणि आमचं द्रव्य गुदमरवत नाही, फक्त रडवतं, हा युक्तिवाद तेव्हापासूनचा. पोलिसांकडून सैन्याकडे की सैन्याकडून पोलिसांकडे, या वादात दुसरी बाजू जास्त पटते, कारण पोलिसांत याचा मोठा प्रसार झाला तो युद्ध संपल्यावरच. अमेरिकेच्या रासायनिक युद्ध विभागाचे प्रमुख एमॉस फ्राइज यांनी १९२० च्या दशकात शहरोशहरीच्या पोलिसांत त्याचा प्रचार केला, आणि २८ जुलै १९३२ ला वॉशिंग्टनमध्ये बोनस मागायला आलेल्या माजी सैनिकांवरच तो सोडला गेला.

द्रव्यांचा क्रम मात्र बराच स्पष्ट आहे. सीएन जर्मन रसायनज्ञ कार्ल ग्रेबे यांनी १८७० च्या दशकात बनवलं (सहसा १८७१ दिलं जातं). सीएस १९२८ चं, अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजात कॉर्सन आणि स्टाउटन यांनी बनवलेलं, पण ते तीसेक वर्षं पडूनच होतं, १९५० च्या दशकात ब्रिटनच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेने त्यावर काम केलं आणि १९५८ च्या सुमारास सायप्रसमध्ये ते वापरात आलं. सीएसची आग जास्त पण विषारीपणा सीएनपेक्षा कमी, म्हणून बहुतेक देश सीएनवरून सीएसवर आले.

भारतातली गोष्ट सुरू होते जालियनवाला बागेपासून. १३ एप्रिल १९१९ ला १६५० फैरी झाडल्या गेल्या, सरकारी आकडा ३७९ मृतांचा आणि काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज हजाराच्या घरात. त्यानंतर जमाव पांगवायला गोळीपेक्षा सौम्य काही द्या अशी मागणी खुद्द वसाहतीतल्या अधिकाऱ्यांकडूनच व्हायला लागली, पण लंडनला महायुद्धातल्या विषारी वायूची बदनामी नको होती आणि युद्धात विषारी वायूंना मनाई करणारा १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल समोर होता, म्हणून परवानगी रेंगाळली, ती बहुधा १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत. म्हणजे अश्रुधूर इथे आला तो दयेच्या भाषेत आला, आणि ती भाषा अजून चालू आहे. ती पूर्ण खोटी नाही, ३०३ रायफलच्या गोळीपेक्षा नळकांडं बरंच हे कोणीही मान्य करेल, पण ही तुलना नेहमी गोळीशीच केली जाते. नळकांडं न फोडता बोलून भागलं असतं का ही तुलना कोणी करत नाही, आणि अश्रुधुराबद्दलचा खरा वाद तिथे आहे असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

सीमा सुरक्षा दल १ डिसेंबर १९६५ ला उभं राहिलं, टेकनपूरची अकादमी १९६६ ची, आणि तिथलं टिअर स्मोक युनिट १९७६ चं. उद्देश परदेशी शेलवरचं अवलंबित्व संपवणं हा होता. तिथे हाताने फेकायचे ग्रेनेड, गॅसगनमधून उडवायचे लांब आणि कमी पल्ल्याचे शेल, आवाज आणि झोत करून गोंधळवणारे स्टन शेल असं बरंच काही बनतं. २०१६ च्या उन्हाळ्यात काश्मीरमध्ये पेलेट गनने शेकडो जणांचे डोळे जखमी झाले, तेव्हा गृह मंत्रालयाने नेमलेल्या समितीने पर्याय म्हणून पावा शेल पुढे आणले. द्रव्यावरचं काम लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेचं आणि शेल टेकनपूरचे. लष्करातल्या (म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या) मराठी घरांत त्या काळात बाड्यावरच्या (महाराज बाडा चौकातल्या) गप्पांत हाच विषय होता, की आपल्या शेजारी बनलेली वस्तू डोळे वाचवते की नवीन त्रास देते. दोन्ही बाजूंना बोलायला माणसं होती आणि दोन्हीकडे कोणा ना कोणाचा नातेवाईक वर्दीत होता.

कायदा बघायचा तर जमाव पांगवण्याची तरतूद आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणेदार, आणि ठाणेदार नसेल तर फौजदारापेक्षा कमी दर्जाचा नसलेला कुठलाही पोलीस अधिकारी, बेकायदा जमावाला पांगायचा हुकूम देऊ शकतो, आणि जमाव ऐकत नसेल तर बळ वापरू शकतो. इंदूर आणि भोपाळमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे तिथे दंडाधिकाऱ्याचे बरेच अधिकार पोलिसांकडेच गेलेत, ग्वाल्हेरला ती व्यवस्था नाही, इथे कलेक्टर, एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी), तहसीलदार यांची सही आणि हजेरी अजून महत्त्वाची आहे. पोलीस शिकवणीतली उतरंड साधारण अशी की आधी भोंग्यावरून इशारा, मग पाण्याचा मारा, अश्रुधूर, लाठी, आणि शेवटी गोळी, तीही कंबरेखाली. कागदावर प्रत्येक पायरीच्या आधी वेळ द्यायची असते. गोळीबार झाला की चौकशी बसते, अहवाल येतो, विधानसभेत प्रश्न विचारला जातो, पण नळकांडी किती फुटली याचा हिशोब ठाण्याच्या रजिस्टरबाहेर क्वचितच येतो, आणि म्हणून ती पायरी हलक्या हाताने ओलांडली जाते.

आंदोलकांच्या बाजूने हिंसा कधी योग्य ठरते का, हा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. घटनेचं कलम १९ शांततेने आणि शस्त्राविना जमायचा हक्क देतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की घटनात्मक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्गच नव्हे तर सविनय कायदेभंग आणि सत्याग्रहही सोडले पाहिजेत, ते अराजकाचं व्याकरण आहे. गंमत म्हणून नाही तर अगदी गंभीरपणे दोन्ही बाजू हेच भाषण पुढे करतात, एक जण म्हणतो बघा बाबासाहेबच म्हणाले रस्त्यावर उतरू नका, दुसरा म्हणतो अट वाचा, मार्ग खुले असताना. अट वाचणाऱ्याचं म्हणणं जास्त खरं वाटतं, कारण त्याच भाषणात त्यांनी सामाजिक आणि आर्थिक विषमता लवकर दूर केली नाही तर ती भोगणारे लोक ही लोकशाहीची इमारत उडवून देतील असा इशाराही दिला होता.

स्वसंरक्षणाचा कायदा याहून बारीक आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ (जुन्या दंड संहितेची ९६ ते १०६) खाजगी बचावाचा हक्क देतात, पण कलम ३७ म्हणतं की सरकारी नोकर आपल्या पदाच्या नात्याने सद्भावनेने काही करत असेल तर, त्याची कृती कायद्यात काटेकोर बसत नसली तरी, त्याच्याविरुद्ध हा हक्क नाही, मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच आहे. म्हणजे नळकांडं समोर पडलं म्हणून दगड मारणं बचाव ठरत नाही. पण तेच नळकांडं सरळ डोक्याच्या उंचीवर झाडलं तर? गॅसगनमधला शेल जवळून कवटी फोडू शकतो, मग भीती वाजवी की नाही हे त्या प्रकरणाच्या पुराव्यावर ठरणार.

मराठी माणसाच्या आठवणीत या वादाचं मोठं पान संयुक्त महाराष्ट्राचं आहे. मुंबईत २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरभर गोळीबार झाला, एकूण हुतात्मे १०६ मानतात, काही याद्यांत १०५ किंवा १०७ आहेत. ग्वाल्हेर तेव्हा मध्य भारत राज्यात होतं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात गेलं, त्यामुळे इथली मराठी मंडळी त्या लढ्याची वाचक होती, सहभागी कमी.

ग्वाल्हेरची स्वतःची जखम २ एप्रिल २०१८ ची. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध भारत बंद होता, ग्वाल्हेर, भिंड, मुरैना पट्ट्यात माणसं गेली, शहरात कर्फ्यू लागला, आणि पिस्तुलातून गोळ्या झाडणारा साध्या कपड्यातला माणूस व्हिडिओत देशाने बघितला. चंबळच्या या भागात लायसन्सी बंदूक ही घराण्याची इज्जत समजली जाते, निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची रांग लागते. अशा ठिकाणी सशस्त्र पोलीस विरुद्ध निःशस्त्र जमाव ही मांडणी अपुरी पडते, तिसरी सशस्त्र बाजू गल्लीतच असते, आणि तिला थांबवणं हे पोलिसांचं पहिलं काम होतं असं आजही अनेक जण ठामपणे म्हणतात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेविरुद्ध पोरं रस्त्यावर आली, बिर्लानगर स्टेशनवर तोडफोड झाली. त्यात भरतीची तयारी करणारे बरेच होते, म्हणजे ज्यांना वर्दी घालायची होती तेच वर्दीसमोर उभे होते.

अश्रुधुराने माणूस मरत नाही हा समज चुकीचा आहे. बंद जागा आणि चेंगराचेंगरी ही दोन मुख्य कारणं. २४ मे १९६४ ला पेरूतल्या लिमाच्या स्टेडियमवर अश्रुधुरानंतर बंद दरवाजांपाशी चेंगरून ३२८ जण गेल्याची सरकारी नोंद आहे, १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलांगच्या स्टेडियमवर १३५ जण, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये कैरोजवळ कैद्यांच्या बंद गाडीत ३७ जण. दिल्लीत रामलीला मैदानावर ४ जून २०११ च्या रात्री बाबा रामदेव यांच्या उपोषणाला आलेल्या, झोपलेल्या लोकांच्या मंडपात शेल सोडले गेले. २३ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं, आणि आयोजक ट्रस्टवरही भरपाईच्या २५ टक्क्यांचा भार टाकला. हा निकाल दोन्ही बाजूंनी नीट वाचावा असा आहे. १९६९ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या बॉगसाइड वस्तीत सीएस वापरल्यावर ब्रिटनमध्ये नेमलेल्या हिम्सवर्थ समितीने असं द्रव्य वापरण्याआधी औषधाइतक्या कसोशीने तपासावं म्हटलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत बंद जागेत वापरू नये, शेल माणसावर नेम धरून झाडू नये असं स्पष्ट आहे. १९९३ च्या रासायनिक शस्त्र करारात ही द्रव्यं युद्धात वापरायला बंदी आणि देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी मुभा आहे. कारण असं देतात की रणांगणावर समोरच्याला धूर कशाचा ते कळत नाही आणि तो घातक वायूने उत्तर देऊ शकतो.

अश्रुधूर लागल्यास वाऱ्याच्या उलट दिशेने उंच, मोकळ्या जागी जावं, डोळे चोळू नयेत, भरपूर साध्या पाण्याने धुवावेत, कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात, कपडे बदलावेत. दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना लगेच दवाखान्यात न्यावं.

नवा मुद्दा ड्रोनचा. २०२२ मध्ये टेकनपूरच्या युनिटने ड्रोनवरून शेल टाकायची यंत्रणा तयार केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधूर टाकला. आपल्या हद्दीत ड्रोन आले म्हणून पंजाबच्या प्रशासनाने हरकत घेतली, आणि शेतकऱ्यांनी ड्रोन अडकवायला पतंग उडवले. इथे समोरासमोर इशारा देणारा अधिकारी जमावाला दिसत नाही, शेल कोणाच्या हुकमाने पडला हे खालच्याला कळत नाही, आणि कलम १४८ मध्ये बळ कुठल्या साधनाने वापरायचं याचा उल्लेखच नाही.