मदरबोर्ड बदलण्याआधी एवढं वाचा
(ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी)

पाऊस लागला की आमच्या टेबलावर बंद पडलेले मदरबोर्ड जमायला लागतात. वागळे इस्टेटमधल्या गाळ्यातून आलेला सीपीयू उघडला तर आत लेथचा तेलकट थर, त्यावर दमट हवेने धरलेली बुरशी, आणि पंख्याशी एखादं मेलेलं झुरळ. बोर्ड बदलतो, मशीन चालू करून देतो. दुसऱ्या दिवशी फोन : "अहो, काय केलंत? विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणतंय आणि हिशेबाचं टॅली एज्युकेशनल मोडमध्ये गेलंय!"

आम्ही काहीच काढलेलं नसतं. विंडोज संगणकाला ओळखतं ते आतल्या भागांवरून, आणि त्यात सर्वांत जास्त वजन मदरबोर्डाला. रॅम वाढवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर सहसा कुरकुर होत नाही. बोर्ड बदलला की विंडोजच्या लेखी ते दुसरंच मशीन, आणि मग 'हार्डवेअर बदललं आहे' असा संदेश येतो, शेवटी एफ२११ असलेल्या कोडसह.

पुढे काय, हे लायसन्सच्या प्रकारावर. लॅपटॉपबरोबर कंपनीनेच टाकून दिलेलं, म्हणजे ओईएम लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेलं असतं; त्याची 'की', म्हणजे लायसन्सचा कोड, बोर्डाच्या चिपमध्येच असते. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. मशीनवर आधीपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर काम सोपं : अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडायचा. जुन्या विंडोज सेव्हनची की घेऊन मात्र येऊ नका. सप्टेंबर २०२३पासून ती नव्या विंडोजला चालत नाही.

टॅलीचं दुखणं वेगळं. लायसन्स सापडलं नाही की ते एज्युकेशनल मोडमध्ये जातं; त्यात मोजक्याच तारखांच्या नोंदी होतात, आणि हे नेमकं जीएसटी भरायच्या दिवसांत लक्षात येतं. बोर्ड जिवंत असेल तर आधी टॅलीमधूनच लायसन्स सरेंडर, म्हणजे परत, करा, मग मशीन आणा. बोर्ड मेलाच असेल तर सीरियल नंबर आणि अनलॉक की ज्यावर येते तो ई-मेल लागतो. हा ई-मेल बहुतेकदा चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. बोर्ड बदलायला एक दुपार पुरते, त्या गृहस्थांना शोधायला आठवडा.

डीटीपीवाल्यांचं (छपाईची पानं संगणकावर लावणाऱ्यांचं) 'हार्डवेअर लॉक सापडलं नाही' हे बऱ्याचदा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरचं यूएसबीत लावायचं कुलूप, खराब झाल्यामुळे नसतं. विंडोज नव्याने टाकताना ड्रायव्हर गेलेला असतो, किंवा समोरचा यूएसबी पोर्ट सैल असतो. आधी मागच्या पोर्टात लावून पाहा. आणि घड्याळ पाहा! बोर्डावरचा, घड्याळ चालतं ठेवणारा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला की तारीख भलत्याच वर्षात जाते. मग अ‍ॅक्टिव्हेशनही अडतं आणि एरवी चालणाऱ्या साइट्सही 'सुरक्षित नाही' म्हणत उघडत नाहीत. एवढ्याशा सेलपायी लोक राऊटर बदलून बसतात.

तारीख बरोबर आहे आणि तरी ठरावीक साइटच उघडत नाही, 'दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार ही साइट बंद' असं पान येतं, तर तो बिघाड नव्हे. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश इंटरनेट कंपनीकडे जातो आणि ती साइटचं नाव अडवते. पूर्वी बंद केलेली चोरीच्या चित्रपटांची साइट दुसऱ्या नावाने पुन्हा उगवायची. १० एप्रिल २०१९ला दिल्ली उच्च न्यायालयाने अशा नव्या नावांसाठी प्रत्येक वेळी नवा दावा लावायची गरज नाही, असा आदेश दिला. म्हणून काल चाललेली लिंक आज बंद असते. आणि कंपन्या आपापल्या वेळेने अडवत असल्याने मोबाइल डेटावर उघडते ती घरच्या वायफायवर उघडत नाही. त्या पानाला घाबरू मात्र नका. चोरीचा चित्रपट नुसता पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केलं होतं.

सॉफ्टवेअरचं तसं नाही. नकली प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर त्याच कायद्याच्या कलम ६३बीखाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. कारखान्याच्या बिलिंग मशीनला ती पळवाट नाही.

म्हणून आम्ही क्रॅक, म्हणजे लायसन्सला चकवणारा प्रोग्राम, टाकून देत नाही. 'पलीकडचा देतो की' हे रोज ऐकतो. पलीकडचा जे टाकतो ते विंडोजला समजावतं की आपण एखाद्या मोठ्या ऑफिसच्या सर्व्हरशी जोडलेलो आहोत. तशा अ‍ॅक्टिव्हेशनची मुदत १८० दिवसच, त्यामुळे ते नूतन करायला एक प्रोग्राम मशीनमध्ये कायम चालू ठेवावा लागतो. तो बसवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात. याच मशीनवर तुमचं नेटबँकिंग आणि डिजिटल सहीचं टोकन.

मशीन आणताना खरेदीचं बिल, डोंगल आणि टॅलीचा सीरियल नंबर सोबत ठेवा. ई-मेलचा पासवर्ड आम्हाला सांगू नका, दुकानात येऊन स्वतः टाका. सेल बदलण्याचे आम्ही सेलपुरतेच पैसे घेतो.