आखाड्यातून मॉन्स्टर ट्रकमध्ये: मडुसाच्या दुसऱ्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

२००५ साली लास वेगासच्या सॅम बॉइड स्टेडियममध्ये मॉन्स्टर जॅम या अवाढव्य चाकांच्या ट्रकांच्या स्पर्धामालिकेची जागतिक अंतिम फेरी झाली आणि शर्यतींचं विजेतेपद ‘मडुसा’ या ट्रकला मिळालं. स्टिअरिंगमागे होती डेब्रा मिसेली. त्याआधी कुठल्याही स्त्रीने हा किताब जिंकला नव्हता. तिच्यासाठी वेगळा महिला गट नव्हता, हलका ट्रक नव्हता, अंतरात सूट नव्हती. पुरुष चालक मातीच्या ज्या उंचवट्यांवरून गेले त्यांवरूनच ती गेली आणि त्यांच्या आधी पोचली.

मॉन्स्टर ट्रकच्या जगाबाहेर या विजयाची फारशी चर्चा झाली नाही. मिसेलीचं नाव आजही निघतं ते त्याच्या दहा वर्षं आधीच्या एका रात्रीमुळे, कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या कुस्तीच्या विजेतेपदाच्या एका पट्ट्यामुळे. पण ती रात्र आणि हा विजय एकमेकांना जोडून पाहिले, तरच एका कुस्तीगीर बाईने पस्तिशीत ट्रकचा ध्यास का घेतला ते कळतं.

मिसेलीचा जन्म इटलीतल्या मिलानचा, पण ती वाढली अमेरिकेत, मिनियापोलिसला. ऐंशीच्या दशकात हे शहर व्यावसायिक कुस्तीचं मोठं केंद्र होतं. एडब्ल्यूए ही कंपनी तिथलीच, आणि एडी शार्कीसारखे वस्तादही तिथलेच. मिसेली शार्कीच्या हाताखाली तयार झाली. ‘मेड इन यूएसए’ हे शब्द आखडून तिने आखाड्यातलं नाव घेतलं, मडुसा. १९८७च्या अखेरीस ती एडब्ल्यूएची महिला विजेती झाली. १९८८ साली ‘प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड’ या मासिकाने तिला वर्षातली सर्वोत्तम नवोदित ठरवलं. हा मान तोवर एकाही स्त्रीला मिळाला नव्हता.

पुढे ती जपानला गेली आणि ऑल जपान विमेन्स या कंपनीत काही वर्षं लढली. अमेरिकेत तेव्हा बायकांची कुस्ती म्हणजे दोन मोठ्या लढतींमधली विश्रांती समजली जायची. जपानमध्ये बायकांची स्वतंत्र कंपनी होती, भरलेली सभागृहं होती आणि जीव तोडून लढणाऱ्या बुल नाकानोसारख्या प्रतिस्पर्धी होत्या. मिसेली तिथे किकबॉक्सिंगही शिकली. मला वाटतं, तिच्या पुढच्या सगळ्या वागण्याचं मूळ इथे आहे. बाईची लढत हा कार्यक्रमाचा मुख्य भाग असू शकतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि हा शब्द आपण जवळजवळ शिवीसारखा वापरतो. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल आधी ठरलेला असणं हाच धंद्याचा पाया आहे. कोण जिंकणार, पट्टा कुणाच्या कमरेला जाणार, कुणाला सहा महिने घरी बसवायचं, हे सगळं लेखक आणि मालक ठरवतात. पडणं खरं असतं, मानेला बसणारा हिसका खरा असतो, मोडलेलं नाक खरं असतं. फक्त निकाल आपल्या हातात नसतो. आणि बायकांच्या बाबतीत तर खेळ चालू ठेवायचा की नाही, हेसुद्धा दुसरंच कुणी ठरवत असे.

डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कुस्ती कंपनीचा महिला किताब १९९० पासून बंद पडला होता. १९९३ साली कंपनीने तो पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि मिसेलीला बोलावलं. ‘मडुसा’ या नावाची नोंदणी तिने स्वतःच्या नावे केलेली होती. ते वापरायचं तर तिला पैसे द्यावे लागले असते, म्हणून कंपनीने तिचं नवं बारसं केलं, अलुंड्रा ब्लेझ. नावाची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे तिचा संबंध येणार आहे. डिसेंबर १९९३ मध्ये स्पर्धा जिंकून ती विजेती झाली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहणाऱ्या आणि दप्तरात ट्रम्प कार्डांचा गठ्ठा लपवणाऱ्या पिढीला हल्क होगन आणि अंडरटेकर पाठ असायचे. त्याच काळात ही बाई बुल नाकानोशी लढत होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये टोकियो डोममध्ये ती नाकानोकडून हरली आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिने पट्टा परत मिळवला. त्या काळातल्या अमेरिकी महिला कुस्तीत या दोघींच्या लढतींच्या तोडीचं मला तरी दुसरं काही दिसत नाही.

१९९५च्या अखेरीस कंपनी पैशांच्या अडचणीत होती आणि मिसेलीला सोडण्यात आलं. पट्टा तेव्हा तिच्याकडेच होता. १८ डिसेंबर १९९५ रोजी प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या ‘नायट्रो’ या थेट प्रक्षेपणात ती तो घेऊन आली आणि कॅमेऱ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. कल्पना डब्ल्यूसीडब्ल्यूचा सर्वेसर्वा एरिक बिशॉफ याची होती, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे तो क्षणही तिने लिहिलेला नव्हता, त्याची किंमत मात्र तिनेच मोजली. डब्ल्यूडब्ल्यूएफचे दरवाजे तिला जवळपास वीस वर्षं बंद राहिले आणि महिला किताबही १९९८ पर्यंत पुन्हा गाडला गेला. २०१५ साली याच कंपनीने तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा मंचावर कचऱ्याचा डबा ठेवला होता. तिने त्यातून पट्टा बाहेर काढून खांद्यावर टाकला.

आता ट्रककडे वळू. ही वाहनं मुळात कुठल्या खेळासाठी जन्माला आलीच नव्हती. मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळ बॉब चॅण्डलरचं फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचं दुकान होतं. त्याच्या १९७४च्या फोर्ड एफ-२५० पिकअपवर तो सतत प्रयोग करायचा. जड चाकं लावायची, ॲक्सल मोडायचं, मग आणखी मजबूत ॲक्सल घालायचं. ॲक्सिलरेटरवरच्या त्याच्या जड पायामुळे ट्रकला ‘बिगफूट’ नाव पडलं. १९८१ साली त्याने एका शेतात दोन भंगार गाड्यांवरून तो ट्रक चालवला आणि त्याची चित्रफीत दुकानात लावली. लोक थांबून थांबून ती पाहू लागले. थोड्याच काळात हा प्रकार मिशिगनच्या पॉन्टिअॅक सिल्व्हरडोमसारख्या अवाढव्य बंदिस्त स्टेडियममध्ये पोचला. चाकं तेव्हा ६६ इंच व्यासाची झाली होती, म्हणजे साडेपाच फूट. मूळची ती शेतात खत पसरवणाऱ्या अवजड यंत्रांसाठी बनलेली.

सुरुवातीच्या त्या ट्रकांना कमानपाटे होते आणि खाली पोलादाचं प्रचंड वजन. उडी मारली की सगळा दणका चालकाच्या पाठीच्या कण्यात. गाड्या चिरडण्याची नवलाई ओसरल्यावर ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दोन ट्रक समोरासमोर पळवायला सुरुवात झाली आणि १९८८ पर्यंत गुणांवर आधारित मालिका उभी राहिली. शर्यत आली की वजन घटवणं आलं. १९८९ साली आलेल्या बिगफूट-८ने नळ्यांची चौकट आणि नायट्रोजन भरलेले शॉकॲब्सॉर्बर वापरले. आजचा प्रत्येक मॉन्स्टर ट्रक त्याच वंशातला आहे.

आजच्या ट्रकचं वजन सुमारे साडेपाच टन आणि ताकद दीड हजार अश्वशक्तीच्या आसपास. इंधन मिथेनॉल. बाहेरचं धूड फायबरग्लासचं, ते फुटण्यासाठीच असतं. चालक मधोमध बसतो, त्याच्या अंगाच्या मापाने घडवलेल्या आसनात, पट्ट्यांनी जखडलेला, मान सांभाळणारं उपकरण हेल्मेटला जोडलेलं. पुढची चाकं स्टिअरिंगने वळतात, मागची चाकं एका वेगळ्या खटक्याने. ट्रक हवेत पंचवीस-तीस फूट गेलेला असताना, पेडलच्या एका दाबाने फिरती चाकं आवरून किंवा वाढवून त्याचं नाक वर-खाली करायचं असतं. ट्रक बेभान झालाच, तर बाहेर उभा असलेला अधिकारी दूरनियंत्रणाने इंजिन बंद करतो. आणि इथे आपला एक धागा आहे: मॉन्स्टर जॅमचे टायर २०१४ पासून बीकेटी ही मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी पुरवते, जिचं नोंदणीकृत कार्यालय छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आहे. त्याआधी चालक शेतीचेच टायर घेऊन त्यांचं रबर हाताने कापत आणि वजन कमी करत.

कुस्ती आणि ट्रक यांची गाठ मिसेलीच्या आधीच पडली होती. २९ ऑक्टोबर १९९५ रोजी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमात डेट्रॉइटमध्ये कोबो हॉलच्या गच्चीवर हल्क होगन आणि द जायंट या मल्लांनी मॉन्स्टर ट्रकांची सुमो लढत केली, एकमेकांच्या ट्रकला वर्तुळाबाहेर ढकलण्याची. कथानकानुसार जायंट गच्चीवरून खाली कोसळला आणि त्याच रात्री कुस्तीसाठी सुखरूप हजर झाला. पट्टा डब्यात पडला तो यानंतर दोन महिन्यांच्या आतच, याच कंपनीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डब्ल्यूसीडब्ल्यूने आपल्या मल्लांची नावं मॉन्स्टर जॅमच्या ट्रकांना दिली. ‘गोल्डबर्ग’ ट्रक टॉम मेंट्स चालवायचा. एका ट्रकला नाव मिळालं ‘मडुसा’. बाकीचे मल्ल फक्त नाव देऊन मोकळे झाले. मिसेली मात्र स्वतः चालवायला बसली.

आखाड्यात तेव्हा तिचं काय चाललं होतं? डिसेंबर १९९९ मध्ये तिने स्टारकेड कार्यक्रमात कंपनीचा क्रूझरवेट किताब जिंकला. हा पुरुषांच्या वजनगटाचा पट्टा, त्यामुळे बातमी झाली. महिनाभरातच, जानेवारी २००० मध्ये, तो तिच्याकडून गेला. जिंकणारा होता ‘ओक्लाहोमा’, म्हणजे एड फेरारा. हा गृहस्थ कंपनीच्या कथानकांचा लेखक होता! पंधरा-सोळा वर्षं अंगावर आपटी खाल्लेल्या बाईने पट्टा गमवावा, तोही पटकथा लिहिणाऱ्या माणसाकडे. हे वाचलं की मला आजही राग येतो. तिला काय वाटलं असेल, हे मी तिच्या वतीने सांगणार नाही. पण त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात ती कुस्तीतून बाहेर पडली आणि तिच्या आयुष्यात ट्रक राहिला, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि त्या करारातले ट्रक पोरके झाले. ‘गोल्डबर्ग’चं नाव जाऊन तो आधी ‘टीम मेंट्स’ आणि नंतर ‘मॅक्झिमम डिस्ट्रक्शन’ झाला. ‘मडुसा’ मात्र मडुसाच राहिला. १९९३ मध्ये ज्या नावासाठी पैसे मोजायला कुणी तयार नव्हतं, ते तिच्या मालकीचं असल्यामुळेच तिच्याबरोबर नव्या मैदानात जाऊ शकलं, असं माझं मत आहे. एखाद्या खेळाडूने स्वतःसाठी केलेली याहून शहाणपणाची तरतूद मला चटकन आठवत नाही. ट्रकचे रंग होते लाल, पांढरा आणि निळा, अमेरिकी झेंड्याचे. आखाड्यातलं सोंग जणू तसंच उचलून चार चाकांवर ठेवलं होतं.

मॉन्स्टर जॅममध्येही सोंग आणि तमाशा आहेच. ट्रकला शिंगं असतात, चालक टाळ्या मिळवतात, आणि फ्रीस्टाइल नावाचा भाग तर निव्वळ करामतींचा असतो. आपल्या कानाला फ्रीस्टाइल म्हटलं की कुस्तीच आठवते, इथे मात्र ठरावीक वेळेत ट्रक हवा तसा उडवायचा आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. त्यात २००४ साली तिघांची बरोबरी झाली आणि मिसेली जागतिक फेरीची संयुक्त विजेती ठरली. पण गुण शेवटी कुणीतरी देतं. शर्यतीत तो प्रश्नच येत नाही. दोन ट्रक सुटतात, वळण घेतात, एक आधी पोचतो. म्हणून मला २००५चा किताब २००४च्या किताबापेक्षा मोठा वाटतो.

तिच्या आधी या ट्रकांत बायका बसल्याच नव्हत्या असं नाही, ऐंशीच्या दशकापासून काहीजणी चालवत होत्या. बदललं ते एवढंच की दुसऱ्या खेळातून कमावलेलं शरीर आणि धाडस घेऊन इथे येता येतं, हे दिसलं. मानेवर न पडता कसं पडायचं, दणका बसण्याआधी श्वास कुठे सोडायचा, हजारो लोकांसमोर चूक झाली तर पुढच्या क्षणाला काय करायचं, हे कुस्तीगीराला वेगळं शिकवावं लागत नाही. मोटोक्रॉसवाल्यांकडे, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून मोटरसायकल पळवणाऱ्यांकडे, तर हवेत यंत्र सांभाळण्याची सवयही असते. फ्रीस्टाइल मोटोक्रॉसमधून आलेल्या कॅम मॅक्वीनने २०१० साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला स्पर्धेत पहिली यशस्वी उलटी कोलांटी मारली. कॅनडाच्या क्वेबेकची सिंथिया गोतिए आणि अमेरिकेची ब्रायना मेहन याही मोटरसायकलवरूनच ट्रकमध्ये आल्या.

भरतीची पद्धतही आता बदलली आहे. कुस्तीच्या करारातला ट्रक चालवून गेलेला तोच टॉम मेंट्स इलिनॉयमधल्या पॅक्सटन गावी मॉन्स्टर जॅमच्या चालकांना प्रशिक्षण देतो. मातीची तालीमच म्हणायची ती. २०१७ पासून डेनिस अँडरसनची मुलगी क्रिस्टन ‘ग्रेव्ह डिगर’ चालवते आहे, वडिलांनी १९८२ मध्ये उभा केलेला, या खेळातला सर्वांत प्रसिद्ध ट्रक. तिच्यासाठीही वेगळा महिला गट नाही.