ख्रिस्तेतरांचे तारण

ख्रिस्ती ईश्वरविद्येतील एक वादविषय. येशू ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्या, पण आपापल्या धर्मात राहून निष्ठेने ईश्वराचा शोध घेणाऱ्या माणसांचे तारण (पापापासून सुटका व शाश्वत जीवन) होते काय आणि होत असल्यास कोणाच्या द्वारे, हे या वादातले मुख्य प्रश्न होत. नव्या करारात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही, हे येशूचे वचन (योहान १४:६) आणि तारण दुसऱ्या कोणाकडून नाही, हे येशूचा शिष्य पेत्र याचे प्रतिपादन (प्रेषितांची कृत्ये ४:१२) एकीकडे आहे. सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा (१ तीमथ्य २:४), परराष्ट्रीयांच्या (ज्यू नसलेल्यांच्या) अंतःकरणावर लिहिलेले नियमशास्त्र (रोम २:१४–१५) आणि परराष्ट्रीय शताधिपती कर्नेल्याच्या घरी पेत्राला झालेली जाणीव, की देव पक्षपाती नाही (प्रे. कृ. १०:३४), ही दुसरीकडे आहेत.

आद्य काळ व सूत्राचा उगम : दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर याने देवाचा शब्द (लोगोस) सर्व मानवजातीत बीजरूपाने पेरलेला आहे असे मांडले आणि सॉक्रेटीस व हेराक्लायटस यांना ख्रिस्तीच गणले. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ग्रीक तत्त्वज्ञानाला ग्रीकांना ख्रिस्ताकडे नेणारा शिक्षक मानले. ही उदार परंपरा ‘चर्चबाहेर तारण नाही’ या प्रसिद्ध सूत्राहून जुनी आहे, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते.

सूत्राचे जनकत्व बहुधा कार्थेजचा बिशप सिप्रियन (मृत्यू २५८) याला दिले जाते. डेशियस बादशहाने केलेल्या छळानंतर चर्चमध्ये फूट पडली. त्या प्रसंगी, २५१ च्या सुमारास, चर्च ज्याची माता नाही त्याचा देव पिता असू शकत नाही, असे त्याने लिहिले. सूत्राच्या अगदी जवळचे शब्द मात्र ज्युबायानस याला लिहिलेल्या पत्रात येतात. ते पत्र सामान्यतः २५६ चे समजतात. पाखंडी गटांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरावा की नाही हा त्या पत्राचा विषय आहे. तो धरू नये, असे सिप्रियनचे मत होते. रोमचा बिशप स्टीफन याने त्याला विरोध केला आणि पुढे चर्चने रोमचीच प्रथा स्वीकारली. म्हणजे ज्या युक्तिवादाच्या ओघात हे वाक्य आले तो चर्चने सोडून दिला, वाक्य तेवढे ठेवले.

काही अभ्यासक उगम ओरिजेनकडे नेतात. यहोशवाच्या पुस्तकावरील प्रवचनांत (सु. २४९–५०) राहाबेच्या घराचा (यरीहोच्या पाडावात या घरातली माणसे तेवढी वाचली) दृष्टांत देऊन, या घराबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, कोणाचेही तारण होत नाही, असे तो म्हणतो. मूळ ग्रीक पाठ बव्हंशी लुप्त असून रुफायनसचे लॅटिन भाषांतर आज वापरात आहे. शब्दयोजना कितपत ओरिजेनची याविषयी त्यामुळे सावध राहावे लागते. त्याहून जुना दुवा म्हणून अँटिऑकच्या इग्नेशियसने फिलाडेल्फियाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवतात. फूट पाडणाऱ्याच्या मागे जाणाऱ्याला देवाच्या राज्याचे वतन मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. पत्राचा परंपरेने मानलेला काळ दुसऱ्या शतकाचा आरंभ. तो आणखी अलीकडे आणावा असेही एक मत आहे.

या तिन्ही लेखकांत दूरदेशीच्या, ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्या माणसाचा विचार नाही. इग्नेशियस व सिप्रियन यांचा रोख फुटून निघालेल्यांवर आहे. ओरिजेनचा काही अंशी ज्यूंवर, तोही निर्वाळ्यापेक्षा आवाहनाच्या स्वरूपात. मूळ सूत्र हा परधर्मीयांविषयीचा सिद्धांत नसून आतल्यांना दिलेला इशारा होता, हे मत त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते.

मध्ययुग : इशाऱ्याचे सिद्धांतात रूपांतर मुख्यतः रूस्पेचा फुल्जेन्शियस (सु. ४६७–५३३) याच्या लेखनात झाले. चर्चबाहेर मरण पावणारे मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी व फुटीर हे सर्व शाश्वत अग्नीत जातील, हे त्याचे विधान आहे. त्याचा ग्रंथ दीर्घकाळ ऑगस्टीनच्या नावावर खपला व त्यामुळे त्याला मोठे वजन आले. खुद्द ऑगस्टीनने मात्र बाहेर वाटणारे पुष्कळ जण आत आहेत, असेही लिहून ठेवले आहे. चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) सूत्राचा पुनरुच्चार केला आणि फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये कॉप्टिक चर्चसाठी काढलेल्या आज्ञापत्रात फुल्जेन्शियसचेच शब्द घेतले. शुभवर्तमान (ख्रिस्ताचा संदेश) जगभर पोचले असून बाहेर राहिलेला माणूस जाणूनबुजून बाहेर राहिला आहे, असे तेव्हा गृहीत होते. हे कारण जेझुइट अभ्यासक फ्रान्सिस सलिव्हन याने विस्ताराने मांडले असून ते ग्राह्य धरण्यास हरकत नाही. मात्र सूत्रामुळे ज्यू समाजाला जे भोगावे लागले त्याची तीव्रता या स्पष्टीकरणाने कमी होत नाही.

अपवादाची वाटही याच काळात शोधली जात होती. रानात श्वापदांमध्ये वाढलेल्या माणसाने विवेकाला स्मरून वर्तन केले, तर देव त्याला अंतःप्रेरणेने किंवा उपदेशक पाठवून आवश्यक ते ज्ञान देईल, असे टॉमस अक्वायनस म्हणतो. दान्तेच्या महाकाव्यातील स्वर्गखंडात तर थेट सिंधूकाठी जन्मलेला सज्जन येतो. ख्रिस्ताविषयी सांगणारा तेथे कोणी नाही. मग बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या त्या माणसाला दोषी ठरवणारा न्याय कोणता, असा प्रश्न तेथे विचारलेला आहे.

१४९२ मध्ये अमेरिकेचा शोध लागल्यानंतर, शुभवर्तमान जगभर पोचले आहे हे जुने गृहीतक कोसळले. नीट उपदेश न होता अमेरिकेतील मूळ रहिवाशांना अश्रद्धेचा दोष लावता येत नाही, असे सालामांका येथे फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने १५३९ मध्ये प्रतिपादले. गोव्याहून जपानला गेलेल्या फ्रान्सिस झेवियरला आपल्या मृत पूर्वजांचे काय, असे तेथील नवख्रिस्ती रडत विचारीत. नरकात पडलेल्यांना सुटका नाही, हेच उत्तर त्याला देता आले, असे त्याच्या १५५२ च्या पत्रावरून दिसते. पुढे बाप्तिस्म्याची इच्छाही पुरेशी ठरू शकते (ट्रेंटची परिषद, १५४७), चर्चबाहेर कृपा मिळतच नाही हे मत चुकीचे (पोपचे आज्ञापत्र, १७१३) आणि अटळ, म्हणजे स्वतःचा दोष नसलेल्या, अज्ञानात असलेल्यांना दोष नाही (पोप नववा पायस, १८५४ व १८६३) अशा टप्प्यांनी कॅथलिक भूमिका सैल होत गेली. सूत्राचा कडक अर्थ धरून बसलेल्या बॉस्टनच्या लेनर्ड फीनी या धर्मगुरूला तर रोमने १९५३ मध्ये बहिष्कृत केले.

दुसरी व्हॅटिकन परिषद : कॅथलिक बिशपांच्या या परिषदेने दि. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर केलेल्या चर्चविषयक संविधानात (परि. १६) स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान न कळलेल्या, पण प्रामाणिक मनाने देवाला शोधणाऱ्या आणि कृपेच्या प्रेरणेने विवेकानुसार वागणाऱ्या माणसांना शाश्वत तारण मिळू शकते, असे म्हटले आहे. पवित्र आत्मा सर्वांनाच ही संधी देतो, हे तिच्या १९६५ च्या दुसऱ्या एका संविधानात आले. या विचारामागे जर्मन जेझुइट कार्ल रानर (१९०४–८४) याची ‘अनामिक ख्रिस्ती’ (नकळत ख्रिस्ताची कृपा स्वीकारणारा परधर्मीय) ही कल्पना असल्याचे सामान्यतः मानले जाते. ती परधर्मीयाला त्याच्या संमतीवाचून ख्रिस्ती ठरवते, हा तिच्यावरील आक्षेप बिनतोड आहे.

प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मते : स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीने स्वर्गात सॉक्रेटीस व रोमन सत्पुरुष भेटतील असे लिहिले, त्यावर ल्यूथर संतापला. वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धापत्रकाने (१६४७) निसर्गदत्त प्रकाशानुसार कितीही काटेकोर जगणाऱ्याला तारण नाकारले. सृष्टीतून मिळणारे देवाचे ज्ञान तारक नसते, हे इव्हँजेलिकल पंथीयांच्या १९७४ च्या लोझान करारात कायम राहिले. जागतिक चर्च परिषदेने सॅन अँटोनियो येथे भरवलेल्या मिशन परिषदेने (१९८९) मध्यम वाट काढली : ख्रिस्तावाचून दुसरा मार्ग आम्ही दाखवू शकत नाही, पण देवाच्या तारकशक्तीला मर्यादाही घालू शकत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक याने १९७३ मध्ये ख्रिस्ताऐवजी ईश्वरालाच केंद्रस्थानी ठेवावे असे सुचवले. ऑर्थोडॉक्सांपैकी लेबनॉनचे जॉर्ज खोद्र यांनी १९७१ मध्ये पवित्र आत्म्याच्या स्वतंत्र कार्याच्या आधारे अन्य धर्मांचा विचार मांडला.

भारतातील विचार : स्कॉटिश मिशनरी जे. एन. फार्कर याने १९१३ मध्ये ख्रिस्त हा हिंदुधर्माची परिपूर्ती होय, असे मांडले. त्यापूर्वीच, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. टिळकांनी १९१७ मध्ये स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’ या संघात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ग्रंथांतल्या कित्येक सिद्धांतांपेक्षा हे पाऊल धीट होते.

मुंबईत २५ ते २८ नोव्हेंबर १९६४ या काळात, वरील संविधान जाहीर झाल्यावर काही दिवसांतच, एक ईश्वरविद्या परिषद भरली. जागतिक धर्म हे तारणाचे सर्वसाधारण मार्ग व चर्च हा असाधारण मार्ग, अशी मांडणी स्विस कॅथलिक ईश्वरविद्यावेत्ता हान्स क्युंग याने तेथे केली. दि. ३ डिसेंबर रोजी पोप सहावे पॉल यांनी मुंबईतच विविध धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बृहदारण्यकोपनिषदातील ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली.

भारतात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. गांधीजींनी डोंगरावरील प्रवचन वाचले होते, मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, आणि तरीही ते हिंदूच राहिले. अटळ अज्ञानाची कसोटी अशा माणसाला लागू पडत नाही. शुभवर्तमान ऐकून, त्याचा आदर करून स्वधर्मात राहिलेल्यांचे काय, हा खरा भारतीय प्रश्न होय आणि १९६४ च्या शब्दांत त्याला थेट उत्तर नाही. भारतात १९४८ ते १९८४ पर्यंत राहिलेले बेल्जियन जेझुइट जाक द्युपुई यांनी १९९७ च्या ग्रंथात अन्य धर्मांना देवाच्याच योजनेत विधायक स्थान दिले. व्हॅटिकनने २००० मध्ये परधर्मीयांना कृपा मिळू शकली तरी त्यांची वस्तुनिष्ठ स्थिती गंभीर उणिवेची आहे, असे जाहीर केले. अन्य धर्मांना धर्म म्हणून तारणाचे मार्ग मानण्यास कॅथलिक ईश्वरविद्येत आधार नाही, असे २००१ मध्ये द्युपुईंच्या ग्रंथाविषयी काढलेल्या सूचनेत म्हटले आहे. ग्रंथ मागे घेण्यास त्यांना सांगण्यात आले नाही; पुढील आवृत्त्यांत ती सूचना छापणे मात्र आवश्यक ठरले.